सोयाबीनला लावायची रायझोबियमची पुडी: दोन खरीप वापरून लिहिते आहे

रायझोबियम म्हणजे सोयाबीनसारख्या पिकाच्या मुळावर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारा जिवाणू. त्याची पुडी २५० ग्रॅमची. आत काळी भुकटी, बाहेर सोयाबीनच्या झाडाचं चित्र. कृषी केंद्रात ती मागच्या फळीवर असते आणि युरियाची पोती ऑटोत चढवून झाल्यावर आठवण आली तर लोक ती मागतात. मी ती दोन खरीप वापरली. पहिल्या वर्षी पैसे मातीत गेले. दुसऱ्या वर्षी तसल्याच पुडीनं वावराचा रंग बदलला. आमच्या गावात 'जिवाणू खतानं काही होत नाही' म्हणणारे आहेत आणि 'एक पुडी म्हणजे एक पोतं युरिया' म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजूंचं मी ऐकलं, मग मुळं खणून पाहिली आणि जे दिसलं ते इथं लिहिते.

आमचं वावर वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. सात एकर, दोन तुकडे, दोन्ही काळ्या मातीचे. गावालगतच्या चार एकरांत मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातापासून सोयाबीन-तूर होते. नाल्यापलीकडच्या तीन एकरांत मात्र वर्षानुवर्षं पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच, होती. गुलाबी बोंडअळीला कंटाळून आम्ही तिथं सोयाबीन घ्यायचं ठरवलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन इथं आले. पेशीपटलाचं, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचं, प्रकरण तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते खरं समजलं या नाल्यापलीकडच्या वावरात.

पहिल्या वर्षीची पुडी तालुक्याच्या एका दुकानातली. नाव लिहीत नाही. जून लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता. दुकानाला वरून टिन, पुड्यांचा खोका दाराशी, आणि दुपारचं ऊन सरळ त्या खोक्यावर. पुडीवरचा तारखेचा शिक्का पुसला गेला होता. मी विचारलं तर दुकानातला पोरगा म्हणाला, "भुकटीच त हाय ताई, तिले काय होते?" पीक कोणतं, तर पुडीवर छापलं होतं 'सर्व कडधान्ये व गळीतधान्ये'. तेव्हा ते मला खटकलं नाही. घेऊन आले, बियाण्याला चोळली, पेरलं.

महिनाभरात नाल्याकडचं सोयाबीन फिकं पडायला लागलं, खालच्या पानांपासून वर. मामाजी सकाळी जाऊन आले आणि ओट्यावर बसत म्हणाले, "बाई, नाल्याकडचं पिवळं पडून रायलं. गावाजोळचं त काळंभोर हाय." चाळिसाव्या दिवशी मी दहा झाडं खणली. सात झाडांना एकही गाठ नव्हती. उरलेल्या तिघांना मिळून पाच. गावालगतच्या वावरात मात्र कोणतंही झाड काढा, मुळावर गाठी होत्याच, आणि तिथं तर आम्ही पुडी लावलीही नव्हती. शेवटी नाल्याकडच्या वावराला युरिया द्यावा लागला.

त्या रात्रीपासून मी जुनी पुस्तकं काढली आणि फोनवर वाचत बसले. पहिली गोष्ट कळली ती अशी की त्या पुडीत खत नसतंच. त्यात लिग्नाइटची, म्हणजे कोळशाच्या जातीची, भुकटी असते आणि तिच्या कणाकणांत जिवंत जिवाणू मुरवलेले असतात. सोयाबीनच्या जिवाणूचं नाव ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये कमीत कमी ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. म्हणजे २५० ग्रॅमच्या पुडीत १,२५० कोटी. एक पुडी दहा किलो बियाण्याला, आणि दहा किलोत सोयाबीनचे ऐंशी हजारांच्या वर दाणे येतात. सगळं नीट चिकटलं तर एका दाण्याच्या वाट्याला दीड लाख पेशी. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात टिनाखाली ठेवलेल्या पुडीत त्यातल्या किती उरल्या असतील? मेलेली पुडी दिसायला, वासाला, वजनाला जिवंत पुडीसारखीच असते. माझी पुडी मेलेली होती, असं मी आज म्हणते, पण घेताना ते ओळखायचा कोणताही मार्ग माझ्याजवळ नव्हता. तारीख आणि ठेवलेली जागा, एवढंच पाहता येतं. ते मी पाहिलं होतं आणि तरी घेतली, याचं आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. युरिया टाकला की विरघळतो आणि मूळ तो ओढून घेतं. पुडीतल्या जिवाणूचं तसं नाही. त्याला मुळाच्या आत जाऊन राहायचं असतं, आणि मूळ ऐऱ्यागैऱ्याला आत घेत नाही. मातीत मुळाभोवती कोट्यवधी जिवाणू आणि बुरश्या असतात. त्यांतले कित्येक मूळ सडवणारे. या गर्दीत आपला कोण, हे मुळाच्या एकेका पेशीनं ओळखायचं असतं. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. तिच्याजवळ आहे फक्त तिचं पटल, आणि त्या पटलात रोवलेली प्रथिनं.

बोलणं मूळच सुरू करतं. नत्राची उपासमार असलेलं सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन आणि डेडझीन नावाची द्रव्यं मातीत सोडतं. जिवाणूच्या आत नॉड-डी नावाचं प्रथिन ती ओळखतं आणि जिवाणू उत्तर तयार करायला लागतो. हे उत्तर म्हणजे साखरेची एक छोटी साखळी, चार-पाच मण्यांची. तिला नॉड फॅक्टर म्हणतात, आणि तिची रचना पहिल्यांदा उलगडली ती १९९० साली, लसूणघासाच्या जिवाणूमध्ये. मणी सगळे एकाच जातीचे, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचे. बुरशीच्या पेशीभित्तीत आणि किड्यांच्या कवचात जे कायटिन असतं ते याच मण्यांचं. जिवाणू काय करतो, तर या साखळीच्या एका टोकाला चरबीची शेपटी जोडतो आणि दुसऱ्या टोकाला आणखी एखादा शिक्का. सोयाबीनच्या जिवाणूचा शिक्का म्हणजे फ्युकोज नावाची साखर, तिला एक मिथाइल गट लावलेला. लसूणघासाचा जिवाणू त्याच टोकाला गंधकाचा सल्फेट लावतो.

आता मुळाची बाजू. मुळावर जे बारीक केस असतात, तो एकेक केस म्हणजे एकच लांबलेली पेशी. तिच्या पटलात आरपार उभी असलेली दोन प्रथिनं आहेत, एनएफआर-१ आणि एनएफआर-५. २००३ साली ती लोटस जॅपोनिकस या छोट्या द्विदल रोपात सापडली. सोयाबीनमध्येही त्यांचीच भावंडं आहेत. प्रत्येकाचं डोकं पेशीबाहेर आणि शेपूट पेशीत. बाहेरचं डोकं ती साखरेची साखळी पकडतं. योग्य साखळी दोघांच्या हाती लागली की आतला भाग फॉस्फेटची खूण पुढच्या प्रथिनावर लावतो, ते त्याच्या पुढच्यावर, आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. तिथं कॅल्शियम ठेक्यात वरखाली होऊ लागतं. जिवाणू अजून बाहेरच आहे, मातीत, आणि आत पेशीच्या काळजाचा ठोका बदललेला आहे. आमच्याकडं पाहुणा अंगणात आला की आधी खाकरतो, मग घरातली माणसं पदर-पागोटं सावरतात. मला हे वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं.

किती बारीक खाकरणं, तेही सांगते, कारण मी स्वतः हिशेब केला. नॉड फॅक्टर नॅनोमोलर एवढा पातळ असला तरी मुळाला पुरतो. नॅनोमोलर म्हणजे केवढं पातळ, तर आपलं तीस बाय तीस बाय तीन मीटरचं शेततळं काठोकाठ भरलेलं घ्या आणि त्यात या द्रव्याचे तीन-चार ग्रॅम विरघळवा. एवढ्या पातळ पाण्यातही मुळाचा केस ते ओळखतो आणि वाकायला लागतो.

यातला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शत्रूच्या ओळखीचा. मुळाच्या पटलात एनएफआर-१ सारखंच दिसणारं आणखी एक प्रथिन असतं, सर्क-१. तेही एकाच कुळातलं, तेही त्याच साखर-मण्यांची साखळी पकडतं. पण ते बुरशीचं साधं, लांब, शेपटी नसलेलं कायटिन पकडतं आणि लगेच लढाईचा निरोप देतं. म्हणजे मूळकूज आणणाऱ्या बुरशीच्या अंगावरची साखर आणि नत्र देणाऱ्या जिवाणूनं धाडलेली साखर एकाच मण्यांची. फरक लांबीचा, चरबीच्या शेपटीचा आणि टोकाच्या शिक्क्याचा. एवढ्याशा फरकावर मूळ ठरवतं, दार लावायचं का उघडायचं.

आपल्या रक्ताचंही असंच आहे, म्हणून हे कुणाला परकं वाटू नये. गावात रक्तगट तपासणीचं शिबिर होतं तेव्हा आपण बोट टोचून घेतो. ए आणि बी गटांत फरक असतो तो तांबड्या पेशीच्या पटलावरच्या साखरेच्या साखळीत शेवटचा मणी कोणता, एवढाच. ए ला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन, बी ला गॅलॅक्टोज. ओ ला त्या जागी काहीच नाही. आणि एका मण्याची चूक झाली तर चुकीचं रक्त चढवलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. सोयाबीनच्या दाण्यातही लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ते हाच ए गटाचा मणी पकडतं आणि तांबड्या पेशींचे गठ्ठे करतं. उष्णतेनं ते मोडतं. सोयाबीन कच्चं खाऊ नये, शिजवून-भाजूनच खावं, असं सांगतात त्यामागचं हे एक कारण.

पुडीकडं परत येते. एवढं वाचल्यावर 'सर्व कडधान्ये व गळीतधान्ये' हे छापलेलं किती चुकीचं आहे ते कळलं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेसोरायझोबियम. त्याच्या साखळीचा शिक्का हरभऱ्याच्या मुळाला पटणारा. तो सोयाबीनच्या मुळापाशी कितीही कोटींनी नेऊन सोडला तरी दार उघडणार नाही. तूर, मूग, उडीद आपल्याकडं पूर्वीपासून आहेत, त्यांना चालणारे जिवाणू बहुतेक वावरांत आधीच असतात. सोयाबीन मात्र बाहेरून आलेलं. ज्या वावरात ते कधी पेरलंच नाही तिथं त्याचा सोबती मातीत असण्याची आशा कमी. गावालगतच्या वावरात वर्षांमागून वर्षं सोयाबीन झालं, त्यामुळं जिवाणू तिथं मुक्कामाला होते. नाल्यापलीकडं पऱ्हाटी होती आणि पऱ्हाटीला या गाठी येत नाहीत. मूळ हाका मारत होतं आणि उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं. पानं त्यामुळं पिवळी पडली.

दुसऱ्या वर्षी मी अकोल्याला गेले, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. तिथून सोयाबीनच्या बारा पुड्या घेतल्या. पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख, मुदत, सगळं वाचता येत होतं. खर्चाचं सांगायचं तर बारा पुड्यांचे पैसे युरियाच्या दोन पोत्यांपेक्षा कमी झाले, आणि युरियाचं ४५ किलोचं पोतं आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना पडतं. जायला-यायला दिवस मोडला, तो वेगळा. पुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर आणल्या आणि माजघरात माठाच्या तिवईखाली ठेवल्या. घरातली तीच सगळ्यात थंड जागा.

बीजप्रक्रिया कशी केली ते नीट सांगते, कारण चांगली पुडीही इथं वाया जाते. बुरशीनाशक आधी लावायचं, बियाणं सावलीत वाळू द्यायचं, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशी सकाळी. उलटं केलं किंवा दोन्ही एकत्र कालवलं तर जिवाणूच्या अंगावर औषध जास्त वेळ राहतं. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड केला. बोट घालून पाहिलं, कोमटही नको. त्यातला लागेल तेवढाच पाक घेतला. सोयाबीनची साल नाजूक, पाणी जास्त झालं की ती फुगून सुटते आणि मग ते बी उगवत नाही. म्हणून पुडीची भुकटी घट्ट कालवली आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हातानं लावली, रगडली नाही. मामाजी पाहत होते. म्हणाले, "आमी त नुसतं बी टाकत होतो. हे काजळ काऊन फासून रायली वं बियाण्याले?" मी म्हटलं, "मामाजी, तुरीचा सोबती आपल्या मातीत पयलेच हाय. सोयाबीनचा नाल्याकडं नाई, त्याले सोबत धाडून रायलो." ते काही बोलले नाहीत, पण ऊन ताडपत्रीवर यायला लागल्यावर त्यांनीच ती ओढून निंबाखाली घेतली.

पेरणी १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्यावर केली, ओल हातभर गेली होती. कोरड्यात टाकलं असतं तर लावलेले जिवाणू तापल्या मातीत वाट पाहत मेले असते. पिंकीच्या बाबांना, म्हणजे माझ्या मालकांना, मी एकच विनंती केली होती, की दोन्ही वावरांत तिफणीच्या दोन फेऱ्या, म्हणजे सहा तास (पिकाच्या ओळी), कोऱ्या, पुडी न लावलेल्या, बियाण्याच्या टाकायच्या, आणि त्या आधी टाकायच्या. लावलेलं बियाणं आधी पेरलं तर चाड्यात आणि नळ्यांत भुकटी राहते आणि कोऱ्या तासांनाही लागते. मग तुलना कशाची करणार? त्यांनी तसं केलं. धुऱ्यावर पळसाच्या फांद्या रोवून खूण ठेवली.

चाळिसाव्या दिवशी खणायला गेले. इथं एक चूक बहुतेक जण करतात, झाड उपटतात. काळ्या मातीत झाड उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो गाठीच नव्हत्या. मी फावड्यानं वीतभर लांबून ढेकूळ काढलं, बादलीत अर्धा तास भिजत ठेवलं, मग हळूहळू माती सोडवली. नाल्याकडच्या कोऱ्या तासातल्या दहा झाडांत सर्वांत जास्त गाठी होत्या चार, आणि पाच झाडांना काहीच नव्हतं. शेजारच्याच लावलेल्या तासात वीसच्या खाली एकही झाड नव्हतं. त्या गाठी कुठं होत्या हेही पाहण्यासारखं होतं. मुख्य मुळाच्या अगदी वरच्या भागात, जिथं बी पडलं होतं तिथंच, घोस केल्यासारख्या. मातीतल्या जुन्या जिवाणूंच्या गाठी बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतात. लावलेल्यांच्या गाठी वर, एकत्र. बियाण्याबरोबर गेलेले पाहुणे पहिल्याच दारात शिरलेले.

गाठ अर्ध्या ब्लेडनं चिरायची. आतून लालसर गुलाबी निघाली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. हवेतला नत्र फोडणारं जिवाणूचं यंत्र प्राणवायूनं खराब होतं, पण जिवाणूला श्वासाला प्राणवायू तर लागतो. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि मोजून पुरवतं. मामाजींच्या तळहातावर मी चिरलेली गाठ ठेवली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "ह्ये झाडाचं रगत होय?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

त्या गाठीत शिरण्याआधीही जिवाणूची आणखी एकदा तपासणी झालेली असते. केस वाकून त्याला कवेत घेतो, मग आत एक बारीक नळी तयार होत जाते आणि जिवाणू त्या नळीतून पुढं सरकतात. या टप्प्यावर मूळ त्यांच्या अंगावरचं साखरेचं पांघरूण तपासतं. त्यासाठी वेगळं प्रथिन आहे, ईपीआर-३, २०१५ साली ओळखलं गेलेलं. पांघरूण पटलं तर पुढं, नाही तर वाट अडते. आणि आत पोचल्यावरही जिवाणू मोकळा सुटत नाही. पेशी त्याला आपल्याच पटलाच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. देणंघेणं सगळं त्या पिशवीच्या पटलातून, झाडाकडून मॅलेटसारखं खाणं आत, जिवाणूकडून अमोनिया बाहेर. १८८८ साली मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञानं गाठींतून हे जिवाणू वेगळे काढले होते. पण एका पटलातून दुसऱ्या पटलापर्यंत निरोप कसा जातो, हे कळायला पुढं शंभर वर्षं लागली.

आता युरियाचं, कारण पुडी घेऊनही ती निकामी करणारं हे सर्वांत मोठं कारण आहे. आमच्याकडं पंचविसाव्या दिवशी सोयाबीनला युरिया फेकायची सवय आहे. मी नको म्हटलं होतं. पिंकीच्या बाबांनी तरी नाल्याकडच्या कोपऱ्यात अर्धं पोतं फेकलं होतं, मला न सांगता. मी तिथली झाडं खणली तेव्हा ते कळलं. गाठी मोजक्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या, चिरल्यावर फिक्या. यात झाडाची चूक नाही. गाठ पोसायला झाडाला साखर खर्च करावी लागते, म्हणून ते हिशेब ठेवतं. गाठी पुरेशा झाल्या की मुळातून प्रथिनाचे छोटे तुकडे वर पानांकडं जातात. पानाच्या पेशींच्या पटलात नार्क नावाचं प्रथिन त्यांना पकडतं, आणि मग पानाकडून मुळाला निरोप उतरतो की आता पुरे. मातीत नत्र भरपूर असेल तरीही मूळ असंच आवरतं घेतं. नार्क बिघडलेली सोयाबीनची झाडं शास्त्रज्ञांनी पाहिली आहेत, त्यांना गाठीच गाठी लागतात आणि झाड खुरटतं. आपण युरिया फेकतो म्हणजे मुळाला सांगतो, तुला सोबत्याची गरज नाही. पेरताना थोडा नत्र दिला तर चालतो, रोपाला पहिले पंधरा-वीस दिवस ते लागतंही. त्यानंतरचा युरिया आणि ही पुडी एकत्र घेणं म्हणजे दोन्हीकडचे पैसे घालवणं. कोपऱ्यातली मुळं मी त्यांच्यासमोर बादलीत धुतली. त्यानंतर त्यांनी तिकडं युरिया नेला नाही.

सोंगणीच्या वेळी कोरे सहा तास आणि लावलेले सहा तास वेगळे काढले, वेगळे थ्रेशरवर नेले. तास साधारण शंभर मीटरचे. नाल्याकडं लावलेल्यांचं ५४ किलो, कोऱ्यांचं ४३. गावालगतच्या वावरात लावलेल्यांचं ५६ आणि कोऱ्यांचं ५५. हा एक किलोचा फरक मी फरक मानत नाही, वाऱ्यानं उफणतानाही तेवढं इकडचं तिकडं होतं. एका घरच्या वावरातली ही एका हंगामाची मोजणी आहे, ती तशीच घ्या.

म्हणून माझं मत असं. ज्या वावरात सोयाबीन पहिल्यांदा किंवा बऱ्याच वर्षांनी घेताय, तिथं ही पुडी लावाच, पाचपैकी पाच. जिथं दरवर्षी सोयाबीन होतं आणि खणल्यावर मुळावर लाल गाठी दिसतात, तिथं पाचपैकी तीन. लावली तर नुकसान नाही, पण तिथं चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पाणी साचणाऱ्या सखल भागात आधी चर काढा, बुडालेल्या गाठीला श्वास मिळत नाही. द्रवरूप बाटलीही मिळते, तिच्यात एका मिलिलिटरला १० कोटी पेशी हा निकष आहे. घरी फ्रिज नसणाऱ्यांना ती सांभाळायला सोपी पडते असं काही जण सांगतात, पण मी वापरलेली नाही, त्यामुळं तिच्याबद्दल मत देत नाही.

दुकानदारांना एक कळकळीची विनंती. पुड्यांचा खोका दारातून उचलून आत, गार जागी, जमिनीलगत ठेवा. त्यासाठी काही पैसे लागत नाहीत. शेतकरी तारीख विचारतो तेव्हा पुडी हातात देऊन त्याला वाचू द्या. आणि हरभऱ्याची पुडी सोयाबीनला देऊ नका. त्या माणसाचा पूर्ण हंगाम त्या एका दाण्याच्या दीड लाख पेशींवर उभा असतो.

रब्बीसाठी नाल्याकडं हरभरा आहे. पुन्हा तीच गोष्ट, त्या वावरात हरभरा आम्ही कधी पेरलेला नाही. हरभऱ्याच्या पुड्या आणायला परवा अकोल्याला जायचं आहे. मामाजींनी सकाळीच गोणपाट भिजवून निंबाखाली टाकून ठेवलं होतं. मी म्हटलं, आज नाही, परवा. तर म्हणाले, "मंग परवा पुन्हा भिजवतो. अन् कोरे सहा तास त्याच्यातबी ठेव, मले पायचं हाय."